कापड महागलं, आता क्विल्टिंग सोडायचं का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी घरी बसल्या बसल्या व्हिडिओ बघून त्या क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून थरांचं पांघरूण शिवणं, शिकल्या. आजवर नातवंडांसाठी, भाच्यांसाठी बऱ्याच क्विल्ट केल्या. प्रत्येक वेळी नवं प्रिंटेड कॉटन, आतल्या थराला नवं वॅडिंग, पाठीलाही नवंच कापड. आता सिंगल बेडच्या एका क्विल्टचं सामान आणलं की तेवढ्यात बाजारातून तयार रजई येते आणि वर पैसे उरतात. घरात कोणी टोकत नाही, पण बिलाकडे सगळे बघतात. त्यांनी विचारलंय की स्वस्त कापड कुठे मिळेल, क्विल्ट विकून खर्च काढावा का, की छंदच बदलावा?

ताई, मी ठाण्यात नौपाड्यात राहते. गोधड्या शिवते, शिकवते, लोकांच्या साड्यांच्या करूनही देते. तुमचा प्रश्न हल्ली माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी असतो. छंद बदलू नका, हे आधीच सांगून टाकते. कापड महागलंय हे खरंच आहे. पण तुमचा खर्च वाढण्याचं मोठं कारण मला भावापेक्षा कामाच्या क्रमात दिसतं. तुम्ही आधी नक्षी ठरवता, मग त्या नक्षीला हवे तितके रंग, हवे तितके मीटर विकत आणता. व्हिडिओत तसंच दाखवतात, कारण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या देशांत क्विल्टिंगच्या कापडाची वेगळी दुकानंच असतात. आपल्याकडची गोधडी दुसऱ्या टोकाकडून सुरू व्हायची. घरात काय साठलंय ते आधी बाहेर काढायचं, त्यातलं धड किती आणि विरलेलं किती ते बघायचं आणि मग नक्षीचा विचार करायचा. हा क्रम धरलात तर विकत घ्यायचं कापड खूप कमी होतं. अगदी शून्यावर येत नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझा सल्ला तुम्हाला कितपत लागू पडेल हे काही गोष्टींवर ठरेल. हाताने शिवता की मशीनवर? क्विल्ट रोज अंगावर घ्यायची आहे, की भेट द्यायची, की भिंतीवर लावायची? आणि महत्त्वाचं म्हणजे, घरात जुनं सुती कापड आहे का आणि ते वापरायला घरच्यांची हरकत नाही ना? काही घरांत गेलेल्या माणसाची साडी मायेने गोधडीत घालतात, काही घरांत तिला हात लावलेला चालत नाही. तिथे वाद घालू नये. घरात कोणाला धुळीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर जुन्या कापडाचे जाड थर टाळलेले बरे, कारण ते वारंवार धुऊन कडक वाळवावे लागतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते होत नाही.

आता भावाबद्दल थोडंसं. मे 2022 मध्ये कापसाची खंडी, म्हणजे 356 किलो रुई, एक लाख रुपयांच्या वर गेली होती. पुढे कापूस बराच उतरला, पण दुकानातलं कापड त्या प्रमाणात उतरलं नाही. कारण मीटरच्या भावात रुईचा वाटा एकच, बाकी सूतकताई, विणकाम, धुलाई, रंगाई, छपाई, वाहतूक आणि दुकानाचं भाडं. अमेरिकेहून येणारं खास क्विल्टिंग कॉटन घेत असाल तर त्यात डॉलरही आला. 2022 च्या सुरुवातीला डॉलर 75 रुपयांच्या आत होता, 2025 मध्ये तो 85 च्या वर गेला. म्हणून ‘थोडं थांबते, भाव उतरले की घेईन’ या आशेवर राहू नका. तयार रजईशी तुलनाही सोडून द्या. ती बहुतेकदा पॉलिस्टरची असते आणि कारखान्यात काही मिनिटांत शिवून होते. तिच्या किमतीशी स्पर्धा करायला आपण बसलेलोच नाही.

कापड नेमकं कुठे जातं हे एकदा कागदावर मांडून बघा, मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला हे करायला लावते. सिंगल बेडची क्विल्ट 60 बाय 90 इंच धरा. वरची बाजू दोन-दोन इंचांच्या चौकोनांची करायची तर 1350 तुकडे लागतात. शिवणीला चारही बाजूंनी पाव इंच सोडायचा म्हणून प्रत्येक तुकडा अडीच इंचांचा कापावा लागतो. दिसतात चार चौरस इंच आणि कापतो सव्वासहा. म्हणजे दिसणाऱ्या कापडाच्या निम्म्याहून जास्त कापड शिवणीत दडून बसलं. हीच बाजू सहा इंचांच्या चौकोनांची केली तर तुकडे 150 आणि शिवणीत जाणारं जादा कापड सतरा-अठरा टक्के. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड घेतलं तर पहिल्या प्रकाराला पाच मीटरच्या वर लागतं, दुसऱ्याला सव्वाचार मीटरच्या आत भागतं. बारीक तुकड्यांची नक्षी सुंदर दिसते, नाही कोण म्हणतं? पण ती चिंध्यांमधून जन्मली आहे. दुसरं काहीच होऊ शकत नाही अशा तुकड्यांची ती नक्षी. नवं कोरं कापड मीटरने आणून त्याचे दोन-दोन इंचांचे तुकडे पाडणं म्हणजे अख्खा नारळ फोडून फक्त शेंडी वापरणं. नवं कापड वापरायचं तर तुकडे मोठे ठेवा, बारीक काम कात्रणांसाठी राखून ठेवा.

पाठीचं कापड हा दुसरा मोठा खर्च. 60 इंच रुंदीला 44 चा पन्हा पुरत नाही, दोन लांब्या जोडाव्या लागतात, म्हणजे पुन्हा जवळजवळ पाच मीटर. इथे सुती साडीला तोड नाही. साडेपाच मीटरच्या साडीतून जवळजवळ अडीच मीटरच्या दोन लांब्या निघतात. त्या जोडल्या की पाठ तयार. लांबीत अर्ध्या मीटरहून थोडं अधिक उरतं आणि रुंदीत एक लांब पट्टा उरतो, तो वरच्या बाजूच्या तुकड्यांना कामी येतो. नऊवारी मिळाली तर सोनंच. जुनी बेडशीट पाठीला लावू नका असं मी म्हणत नाही, पण दाट विणीची असेल तर हातसुई तिच्यातून जाताना बोटांचा जीव घेते. मशीनवर शिवणार असाल तर खुशाल वापरा.

‘जुनी साडी धुतल्यावर फाटते’ ही तक्रार खूप ऐकते. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. निऱ्यांचा खालचा भाग, खोचायचा भाग आणि खांद्यावर घडी येते ती जागा आधी जाते. साडी खिडकीत उजेडाकडे धरा, विरळ झालेला भाग लगेच दिसतो. मग दोन्ही अंगठ्यांत धरून उभा आणि आडवा ताण द्या. कर्र असा आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग बाहेरच्या बाजूला घ्यायचा नाही. फेकायचाही नाही. जुन्या बायका विरलेलं कापड आतल्या थरात घालत आणि धड कापड दोन्ही बाहेरच्या अंगांना. आतल्या कापडावर घासटा पडत नाही आणि जवळजवळ घातलेले धावदोऱ्याचे टाके त्याला धरून ठेवतात. तुमचा वॅडिंगचा खर्चही इथेच वाचतो. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जाड वॅडिंगची गरज किती दिवस पडते? डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. एरवी पंखा किंवा एसी लावून पांघरायला दोन विरलेल्या साड्यांचे थर भरपूर होतात. फक्त एक आहे. सुती थरांची गोधडी ओली झाली की जड होते आणि जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. गॅलरी नसलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल किंवा लहान बाळासाठी करत असाल, जिथे धुणं रोजचं, तिथे पातळ पॉलिस्टर वॅडिंग घ्यायला मी स्वतःच सांगते.

तुम्ही म्हणाल, माझ्या कपाटात सुती साड्या आहेतच कुठे? खरं आहे, आपल्या पिढीच्या कपाटात सिंथेटिकच जास्त. त्या गोधडीत घालू नका, सरकतात आणि दमट हवेत अंगाला घाम आणतात. पण सासू, आई, मावशी, शेजारच्या आजी यांची कपाटं अजून सुती आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा लिहून बघा की बोहारणीला देण्याआधी सुती साड्या, शर्ट, बेडशीट मला दाखवा. पुरुषांचा जुना सुती शर्ट कोणी मोजत नाही. कॉलर आणि कफ विरलेले असतात, पण पाठ आणि पुढचे दोन भाग धड असतात आणि त्या बारीक चौकड्या, रेघा गोधडीत फार छान बसतात. शिवाय प्रत्येक घरात ब्लाउजपीसचा गठ्ठा असतो. हळदीकुंकवाला आलेला, ओटीत आलेला, पुढच्या ओटीत द्यायला ठेवलेला. आमच्याकडे एक मोरपंखी पीस मी कुणाच्या ओटीत घातला आणि तो फिरत फिरत माझ्याकडेच परत आला. अशा गठ्ठ्यातले सुती तेवढे निवडून घ्या. ओळखायचे कसे? काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतो आणि टोकाला कडक मणी राहतो.

जुनं-नवं एकत्र करताना नवं कापड कापण्याआधी धुवाच. जुनं आटून झालेलं असतं, नवं अजून आटायचं असतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात गोधडी जागोजागी चुण्या पडून येते. गडद लाल, निळं, काळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग उतरत असेल तर फडकं स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं बरेच जण सांगतात, पण मीठ लागतं ते कापड रंगवताना. रंगवून झालेल्या कापडाला त्याचा काही उपयोग नाही.

वेगवेगळ्या घरांतलं कापड एकत्र आलं की ते विसंगत दिसेल अशी भीती असते. दोन गोष्टी करा. सगळे तुकडे जमिनीवर पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग बाजूला पडून गडद-फिकट तेवढं उरतं आणि मांडणी ठरवणं सोपं जातं. दुसरं, एखादा साधा रंग सगळीकडे फिरवा, म्हणजे बाकीचा गोंधळ एका सुतात येतो. हा साधा रंग मात्र नवा विकत घ्या. त्यासाठी क्विल्टिंगचं खास कापड नको, ब्लाउजच्या कापडाचं मॅचिंग सेंटर गाठा. तिथे सुती पॉपलिन, कॅम्ब्रिक, टू बाय टू रुबिया वाटेल त्या छटेत मिळतं आणि प्रिंटपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. घेताना कोपरा दोन बोटांत चोळा. पांढरी पूड निघाली तर खळ जास्त आहे आणि धुतल्यावर कापड जाळीसारखं विरळ होईल. पार्श्वभूमीला मांजरपाट चालत असेल तर त्याहून उत्तम, फक्त ते बरंच आटतं, म्हणून गरम पाण्यात दोनदा धुऊन मग कापा.

काठाची पट्टीही नवीच लावा. यात मी कंजुषी करत नाही, कारण गोधडी आधी काठाला फाटते. सगळा घासटा घडीच्या त्या कडेवर पडतो. 60 बाय 90 ला अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या लागतात, म्हणजे अर्ध्या मीटरहून जरा जास्त घट्ट विणीचं कापड. माझ्या हिशेबात एका गोधडीसाठी विकत घ्यायचं कापड ते एवढंच: काठाला अर्ध्या मीटरहून जरा जास्त आणि साध्या रंगाला दीड-दोन मीटर. बाकी घरातलं.

आता स्वस्त कापड कुठे, हा तुमचा पहिला प्रश्न. तुम्हाला ऐरोलीहून ठाण्याला यायला ट्रान्स-हार्बर लोकल आहे. स्टेशनजवळ जांभळी नाक्याच्या बाजारात हिंडा. अंबरनाथ-बदलापूरची गाडी धरलीत तर उल्हासनगर, तिथलं गजानन मार्केट कापडासाठीच ओळखलं जातं. मुंबईत मंगलदास मार्केट आहेच. पण तीन मीटर कापडासाठी मंगलदासला जाऊन तुम्ही तीनच मीटर घेऊन परत याल याची मला खात्री नाही, निदान माझ्याबाबतीत तरी नाही. गल्लीतल्या लेडीज टेलरला विचारा. कात्रणं तो टाकूनच देतो, एखादी पिशवी देऊन ठेवा आणि दर आठवड्याला घेऊन या.

किलोवर कटपीस विकतात ते स्वस्त वाटतं, पण आधी हिशेब करा. साधारण 120 ग्रॅम वजनाचं पॉपलिन, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम, 44 च्या पन्ह्यात मीटरला 130-135 ग्रॅम भरतं. म्हणजे किलोत साडेसात मीटर. समजा किलोचा भाव 450 आहे, तर वरवर मीटर 60 ला पडला. पण त्या पिशवीत वेडेवाकडे, डागाळलेले, पॉलिस्टर मिसळलेले तुकडे असतात. निम्मंच कामाचं निघालं तर मीटर 120 ला पडला आणि तेवढ्यात तुमच्या आवडीचं सलग कापड मिळत असेल तर किलोचा मोह कशाला? पिशवी उघडून बघू देत नसतील तर घेऊच नका.

स्वस्त मिळालं म्हणून साठवून ठेवू नका, हेही सांगायला हवं. आपल्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि जून ते सप्टेंबर कपाटात ओल असते. घडीवर पिवळे डाग पडतात, कसर लागते, खळ असलेल्या कापडाला तर आधी. येत्या वर्षभरात शिवून होईल तेवढंच ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा उलगडून वाळवा.

मशीनवर क्विल्ट चार-सहा दिवसांत संपते, मग लगेच पुढचीसाठी कापड लागतं. तीच गोधडी हाताने शिवली तर संध्याकाळचा वेळ धरून महिना-दोन महिने सहज जातात. म्हणजे तेवढ्याच कापडात छंद कितीतरी पट जास्त चालतो. तुकडे मशीनवर जोडा आणि थर हाताने शिवा, असं निम्मं-निम्मं करून बघा. दोऱ्याचा हिशेब मात्र आधी करा. एकेक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर 60 बाय 90 ला 137 मीटरचे टाके होतात, ओळी अर्ध्या इंचावर आल्या की दुप्पट. भरतकामाची लडी आठ मीटरची असते, त्या लडीवर हे काम करायला गेलात तर कापडात वाचवलेले पैसे दोऱ्यात जातील. क्रोशाचा बारीक सुती दोरा मोठ्या गुंडीत मिळतो, मीटरमागे बराच स्वस्त पडतो आणि टाका ठसठशीत दिसतो. कमी वळाचा असेल तर हातभर लांबीचेच धागे घ्या, म्हणजे पिंजणार नाही.

उरला विकण्याचा प्रश्न. कापडाचा खर्च भरून काढण्यासाठी क्विल्ट विकायला निघू नका. तुमच्या तासांचे पैसे कोणी देत नाही आणि भाव पाडून मागतात तेव्हा आवडीचं कामही नकोसं होतं. करायचंच असेल तर जुनी पद्धत आहे, कापड ग्राहकाचं आणि शिलाई आपली. लोक आईच्या, आजीच्या साड्या घेऊन येतात, आपण काठाची पट्टी, दोरा आणि मजुरी यांचे पैसे सांगायचे. आपले पैसे कापडात अडकत नाहीत आणि भावाचा प्रश्न उरत नाही. वर्षात अशी एक-दोन कामं घेतली तर तुमच्या स्वतःच्या गोधडीचं नवं कापड त्यातून सहज निघतं. मजुरी तासावर ठरवा, आकारावर नाही, आणि निम्मी आधी घ्या. साडी हातात आली की ग्राहकासमोरच उजेडाकडे धरून विरलेला भाग दाखवा, तो आत घालणार की बाहेर हे विचारून घ्या आणि फोटो काढून ठेवा. धुतल्यावर कुठे उसवलं तर ते कापडामुळे की टाक्यामुळे, हे बोलायला काहीतरी हातात लागतं.